बाजार संशोधनातील नोकरीची निवडप्रक्रिया कशी असते?

प्रश्न : नमस्कार. मी सोलापुरात संख्याशास्त्राची पदवी घेतली असून पुण्यातील एका बाजार संशोधन संस्थेने मला मुलाखतीस बोलावले आहे. तेथे नेमके काय पाहतात, हे अनुभवींनी कृपया सांगावे.

उत्तर १ : लेखी चाचणीतील टक्केवारी व तक्ते आपणांस जड जाणार नाहीत, खरा कस प्रश्नावलीवर लागतो. ‘हा साबण स्वस्त आणि चांगला वाटतो का?’ यातील दोष मला विचारला होता. एकाच प्रश्नात दोन गोष्टी विचारल्या, तर मिळालेले ‘हो’ कशाला आहे, हे कळत नाही. ग्राहक वर्गीकरणही वाचून जावे : रूढ पद्धतीत मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, यांवरून कुटुंबाचा वर्ग ठरतो.

उत्तर २ : तेलुगू किंवा कन्नड येत असल्यास अर्जात अवश्य लिहावे. सोलापूरच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरी बसून त्यांच्याच भाषेत बोलणारा माणूस क्षेत्रकामात फार मोलाचा ठरतो.

उत्तर ३ : एका संस्थेने ‘चाचणी’ म्हणून माझ्याकडून नवी पेठेतील दुकानदारांच्या मुलाखती विनामोबदला करून घेतल्या आणि पुढे निकालही कळवला नाही. हा सरळ अन्याय आहे. असे काम सांगितल्यास मोबदला आधी लेखी मागावा.