एचआर आणि नातेवाईक फाइल मागतात, मानसोपचार क्लिनिकने काय द्यावं?

वाशीकर_क्लिनिक:
एक मानसोपचारतज्ज्ञ, दोन समुपदेशक, रिसेप्शनला एक जण. सगळ्यांच्या नोंदी एकाच शेअर्ड फोल्डरमध्ये. महापेच्या एका कंपनीच्या एचआरने रजा मंजूर करायला रुग्णाची ‘पूर्ण फाइल’ मागितली आहे. पत्नीही फोनवर चौकशी करते. कुणाला काय द्यायचं?

नोंदपाल_ठाणे:
एचआरला फाइल अजिबात देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचे जे अपवाद आहेत, त्यांत मालक किंवा कंपनी नाही. रजेपुरता दाखला द्या: अमुक ते अमुक तारखेपर्यंत उपचार चालू, विश्रांती आवश्यक, अमुक तारखेला रुजू होण्यास योग्य. तो रुग्णाच्याच हातात द्या, परस्पर ईमेल नको. एक गोष्ट हमखास विसरली जाते. निदान लिहिलं नाही तरी लेटरहेड आणि शिक्का ‘मानसोपचारतज्ज्ञ’ म्हणून ओरडत असतो. हे रुग्णाला आधीच सांगा, मग कुठे द्यायचा ते त्याला ठरवू द्या.

पत्नी आहे एवढ्यावर माहिती मिळत नाही. रुग्णाने याच कायद्याच्या कलम १४ नुसार तिला नामनिर्देशित प्रतिनिधी (उपचाराच्या निर्णयांत त्याला साथ देणारी, त्यानेच निवडलेली व्यक्ती) केलं असेल, तर त्या जबाबदारीला लागेल तेवढी द्या. साध्या कागदावर रुग्णाची सही किंवा अंगठा आणि तिची लेखी संमती पुरते. तोवर फोनवर ‘हो, ते आमच्याकडे येतात’ एवढंही बोलू नका. पण ती जे सांगते ते जरूर ऐका. ऐकण्याने गोपनीयता मोडत नाही आणि घरात धोका असेल तर तो असाच कळतो.

ऐरोली_आयटी:
फोल्डर आजच फोडा. सत्राच्या नोंदी वेगळ्या, प्रिस्क्रिप्शन वेगळी; रिसेप्शनला फक्त नाव, वेळ, बिल. प्रत्येकाचं लॉगिन स्वतंत्र, आणि नोकरी सोडली की त्याच दिवशी बंद. व्हॉट्सॲपवर कागदाचे फोटो नकोत: ते गॅलरीत पडतात आणि बॅकअप चालू असेल तर क्लाउडवरही जातात.

नोंदपाल_ठाणे:
रुग्णाला ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात पाठवताना उपचारापुरती माहिती देता येते. निदान, औषधं व डोस, ॲलर्जी, आत्महत्येचा धोका. लिथियम हे औषध चालू असेल तर त्याची शेवटची रक्तपातळी तारखेसह, शिवाय क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि टीएसएच (थायरॉइडची). बालपणाचे तपशील त्यात कशाला?

वाशीकर_क्लिनिक:
आणि रुग्णानेच स्वतःची फाइल मागितली तर?

नोंदपाल_ठाणे:
त्याच कायद्याच्या कलम २५ नुसार त्याचा हक्क आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत मुदत ७२ तासांची आहे. दाखल रुग्णांसाठी या कायद्याच्या २०१८ च्या नियमांत ‘फॉर्म ए’वर अर्ज आणि १५ दिवस. रुग्णाला गंभीर मानसिक इजा होईल किंवा दुसऱ्याला धोका पोचेल असा भाग असेल, उदाहरणार्थ पत्नीने विश्वासाने सांगितलेली मारहाण, तर तेवढाच रोखा. बाकीची फाइल द्या आणि मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे दाद मागता येते हे त्याला लेखी कळवा.