मदत हवी आहे: नडगीवरचे टाके घरीच काढावेत का?

कोपऱ्यातला:
नमस्कार मंडळी. नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली, पत्र्याने कापलं आणि टाके पडले. टाके काढायला यायची तारीख उलटून गेली, पण ज्यांनी घातले ते डॉक्टर रजेवर आहेत आणि पुढच्या आठवड्यात उगवणार. जखम बऱ्यापैकी सुकली आहे. काळा दोरा, प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, आणि गाठींची टोकं झुरळाच्या मिशांसारखी वर आलेली. पॅंट चढवताना नेमकी तीच अडकतात, जीव जातो.

घरात नखं कापायची छोटी कात्री आहे, भुवयांचा चिमटा आहे, स्पिरिट आहे. व्हिडिओत तर कापलं, ओढलं, झालं. बायको म्हणते, हात लावून तर बघ! तिचं ऐकण्याआधी (किंवा न ऐकण्याआधी) इथे विचारतो. घरी काढण्यात धोका नेमका कशाचा? आणि आठवडाभर तसेच ठेवले तर काय बिघडतं? 'डॉक्टरांना विचारा' हे मलाही ठाऊक आहे. का, ते जाणकारांनी सांगावं.

निवांत_गडी:
उगाच बाऊ करू नका. मी हनुवटीवरचे स्वतः काढलेत. दुखत नाही, दोरा सरकताना किंचित गुदगुल्या होतात एवढंच.

ड्रेसिंगरूम:
निवांत, हनुवटी वेगळी आणि नडगी वेगळी. मी नर्स आहे, टाके काढणं रोजचंच काम. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून तिथले टाके साधारण ३ ते ५ दिवसांत निघतात. डोक्याचे ७ ते १०, पायाचे १० ते १४, सांध्यावरचे त्याहून थोडे उशिरा. नडगीवर कातडी पातळ आणि ताणलेली, खाली लगेच हाड. गुडघ्याजवळ तर दर पावलाला ओढ बसते.

दुसरं म्हणजे, वरून सुकली म्हणजे आतून भरली असं नाही. ३ आठवड्यांनीसुद्धा जखमेच्या जागेची ताकद मूळ कातडीच्या फार तर २० ते ३० टक्के असते. ३ महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास जाते, पूर्ववत कधीच होत नाही.

आता 'कापलं, ओढलं' बद्दल. दोऱ्याचा जो भाग बाहेर दिसतो त्यावर खपली, मळ, जंतू सगळं बसलेलं असतं. तो आतून ओढला की हे सगळं जखमेत जातं. म्हणून आम्ही चिमट्याने गाठ जराशी उचलतो, गाठीच्या खाली एकाच बाजूचा दोरा अगदी कातडीलगत कापतो आणि गाठीला धरून जखमेच्या दिशेने ओढतो. उलट दिशेने ओढलं तर कडा फाकतात. घाईत दोन्ही बाजू कापल्या गेल्या तर मधला तुकडा आत राहतो, मग तो शोधत बसा. त्यासाठीची कात्री वेगळी असते, एका पात्याच्या टोकाला आकडा असतो, तो दोऱ्याखाली सरकतो. नखांच्या कात्रीचं पातं जाड, ते खाली घुसवताना कातडीच कापली जाते. आणि स्पिरिटने पुसलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही.

पण खरं कसब कात्रीत नाहीच. आधी एकाआड एक टाका काढतो आणि बघतो. कडा जराही हलल्या तर तिथेच थांबतो, उरलेले राहू देतो, वर चिकटपट्ट्या लावतो. घरी जखम उघडली तर तुम्ही काय करणार?

कोपऱ्यातला:
असं कुणी सांगितलंच नव्हतं. मग आठवडाभर थांबू?

ड्रेसिंगरूम:
तेही नको. फार राहिले तर दोऱ्याभोवती कातडी वाढते, काढताना त्रास होतो आणि आडव्या रेघांचे व्रण कायमचे राहतात. जखमेचं सगळीकडे सारखं आहे का? मधुमेह, स्टेरॉइडच्या गोळ्या?

कोपऱ्यातला:
तसलं काही नाही. फक्त गुडघ्याकडचे दोन टाके लालसर आहेत आणि दाबलं की थोडं पाणी येतं. ताप नाही.

निवांत_गडी:
हे आधी सांगायचं ना राव! मग माझा सल्ला मागे.

ड्रेसिंगरूम:
पहिली गोष्ट, दाबून बघणं बंद करा. टाक्याच्या भोकाभोवती थोडी लाली असतेच, पण पाणी येतंय म्हणजे कुणीतरी बघायला हवं. लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल, ठणका वाढला, पू दिसला किंवा ताप आला तर आजच जा.

आणि घातले त्यांनीच काढले पाहिजेत असा काही नियम नाही. जवळच्या कुठल्याही दवाखान्यात काढून देतात. फक्त टाके घातल्याचा कागद बरोबर न्या. आतले टाके विरघळणारे आहेत का, कधी घातले, हे त्यांना कळायला हवं. पत्र्याने कापलंय, तेव्हा धनुर्वाताचं इंजेक्शन झालं होतं का तेही कागदावर बघा.

सावलीतलं_झाड:
माझ्या भावाला स्टेपलरसारख्या पिना मारल्या होत्या. तो पकडीने काढायला निघाला होता!

ड्रेसिंगरूम:
पिनांचं यंत्र वेगळं असतं. ते मधून दाबतं, मग दोन्ही टोकं एकदम वर येतात. पकडीने फक्त फाटेल.

कोपऱ्यातला:
इंजेक्शन झालंय, कागदावर लिहिलंय. दुसऱ्या दवाखान्यात फोन केला, संध्याकाळी या म्हणाले. बायकोने हा धागा वाचला, त्यामुळे घरात माझं काही चालणार नाही. एक शेवटचं: काढल्यावर आंघोळ, चालणं, गुडघ्याचे व्यायाम कधीपासून?

ड्रेसिंगरूम:
जखम कोरडी असेल तर पाणी वरून गेलेलं चालतं, पण टबात किंवा तलावात पाय बुडवू नका, घासू नका. टिपून कोरडं करा. साधं चालायला हरकत नाही. उकिडवं बसणं, पळणं, वजन उचलणं कधीपासून ते आज बघतील त्यांनाच विचारा, कारण ते दोन टाके पाहिल्याशिवाय मी सांगणं बरोबर नाही. पट्ट्या लावल्या तर आपोआप सुटेपर्यंत ओढू नका. आणि ते दोन टाके आज ठेवून बाकीचेच काढले तर घाबरू नका, असं बरेचदा करतात.