मदत हवी आहे: गंजलेलं फ्रेंच, मे महिन्यातली होडी आणि बाबा

नमस्कार मंडळी,

मी बर्मिंगहॅमला राहते. मेच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा येतायत आणि आम्ही चौघं दक्षिण फ्रान्समधल्या कनाल द्यु मिदी या कालव्यावर भाड्याच्या होडीतून फिरणार आहोत. कास्तेलनोदारी ते कार्कासोन, साधारण ४० किलोमीटर, पाच दिवस. परवाना लागत नाही, होडीवाले निघण्याआधी शिकवतात, आणि ताशी ८ किलोमीटरच्या वर जायचंच नसतं. होडीची मला भीती नाही. फ्रेंचची आहे.

अकरावी-बारावीला पुण्यात फ्रेंच घेतलं होतं, मार्क मिळतात म्हणून. मिळालेही. क्रियापदं चालवली, उतारे सोडवले, पण त्या दोन वर्षांत वर्गात एकही वाक्य आपणहून बोलल्याचं आठवत नाही. त्याला आता २१ वर्षं झाली. वाचलेलं बरंचसं कळतं, ऐकलेलं निसटून जातं. परवा फोनवर "कात्र-व्हँ-दूझ" ऐकलं आणि मी चार, वीस, बारा असे तीन आकडे लिहून घेतले. ते ९२ होतं. फोन ठेवल्यावर फार वाईट वाटलं.

वाटेत लॉक आहेत. दोन दरवाजांमधला हौद: होडी आत घ्यायची, पाणी सोडून तिला खालच्या पातळीवर उतरवायची आणि पुढचा दरवाजा उघडायचा. कास्तेलनोदारीहून निघाल्या निघाल्याच सँ-रॉकला चार लॉकची उतरंड आहे. लॉकवाला वरून काही सांगणार, दोर बाबांच्या हातात असणार, आणि मधे मी. नवऱ्याला फ्रेंच अजिबात येत नाही. बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांचं लहानपण दाभोळच्या खाडीवर गेलं, नंतरची चाळीस वर्षं पुण्यात. होडीचं ठरल्यापासून रोज फोनवर त्याबद्दलच विचारतात. त्यांना एक शब्द चुकीचा सांगितला गेला तर, या विचाराने मला झोप लागत नाही.

तर विचारायचं हे:

दोन महिन्यांत ऐकायची आणि बोलायची सवय कशी करावी? रोज अर्धा-पाऊण तास देऊ शकते. पुन्हा व्याकरणापासून सुरुवात करायची नाहीये.

आणि मेच्या सुरुवातीला तिथे थंडी कितपत असते? इथे फेब्रुवारी संपत आला तरी रोज ऑफिसला जाताना कनॉलवर बांधलेल्या होड्यांच्या धुराड्यांतून धूर निघताना दिसतो. उघड्या डेकवर ऊन खात बसायची इतकी ओढ लागली आहे की सांगता येत नाही. पण बाबांचे गुडघे गारठा सहन करत नाहीत.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, मी सहा वर्षं तुलूजला आहे. लॉकवर लागणारे शब्द मूठभरच आहेत, तेवढेच घोटा. "तिरे" म्हणजे ओढा. "लाशे" म्हणजे सोडा, आणि "लाशे पा" म्हणजे सोडू नका! तो शेवटचा "पा" ऐकायला कान तयार करा. "दूसमाँ" म्हणजे हळू. आधी "बोंझूर" म्हणा, मगच पुढचं बोला. इथे त्यावाचून माणूस ऐकत नाही. मग "ओं देसाँ", आम्ही खाली उतरतोय.

ऐकण्यासाठी आर.एफ.आय. रेडिओची सोप्या फ्रेंचमधली बातमीपत्रं लावा. आधी नुसती ऐका, मग लेखी मजकूर बघत ऐका, मग बोलणाऱ्याच्या मागोमाग मोठ्याने म्हणा. आकड्यांसाठी रस्त्यावरच्या गाड्यांचे नंबर फ्रेंचमध्ये वाचत चला, मला त्याचाच उपयोग झाला. शिवाय दक्षिणेकडचे लोक शब्दाचा शेवट गिळत नाहीत, "पँ"चं "पेंग" करतात. आपल्या कानांना ते बरं पडतं.

दुपारच्या जेवणाला लॉक बंद असतात, त्या हिशोबाने निघा.

प्रतिसाद २

आम्ही मागच्या मेमध्ये गेलो होतो. ऊन छान होतं, पण वायव्येकडून सेर्स नावाचा वारा सुटतो आणि तो झोंबतो. वडिलांसाठी कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट घ्या. कार्कासोनच्या बाजूला सावलीही कमी आहे. तिथली चिनारच्या जातीची जुनी झाडं २००६पासून बुरशीच्या रोगाने गेली, हजारोंनी तोडावी लागली. नवी लावली आहेत, ती अजून लहान आहेत.

एक महत्त्वाचं: खाली उतरताना दोर खुंटाला गाठ मारून बांधू नका. पाणी उतरतं आणि होडी दोराला लटकते. नुसता एक वेढा घ्या आणि टोक हातात धरून सोडत राहा.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. "लाशे" आणि "लाशे पा" आजपासून म्हणायला घेतलं आहे. दोराचं बाबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "अगं, ओहोटीला दोर ढिला ठेवायचा हे मला कोण शिकवणार? तू फक्त तो माणूस काय म्हणतो ते सांग."