बंदीचा हुकूम नाही, म्हणून सेन्सॉरशिप नाही?

वैदर्भी
नीलकंठ यांनी परवा लिहिलेलं वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 जाऊन इतकी वर्षं झाली, ‘बधाई दो’सारखे चित्रपट राजरोस थिएटरात लागतात, तरी ‘सरकार आमचं तोंड दाबतंय’ हे रडगाणं संपत नाही. सेन्सॉरशिप बघायची तर रशियात जाऊन बघा, भारतात समलिंगी विषयावर बंदी नाही.

बंदी नाही, हे खरंच. आपल्याकडे बंदी घालायची गरजच पडत नाही. चित्रपट पास करायचा, फक्त तो लोकांपर्यंत पोचणार नाही एवढं बघायचं. 2016 सालचा ‘अलीगढ’ घ्या, एका समलिंगी प्राध्यापकावरचा. त्याच्या नुसत्या ट्रेलरला सेन्सॉर मंडळानं ‘ए’ प्रमाणपत्र दिलं, म्हणजे फक्त प्रौढांसाठी. ट्रेलरला ‘ए’ म्हणजे यू (सर्वांसाठी) किंवा यूए (मुलांनी पालकांबरोबर पाहायच्या) चित्रपटाबरोबर तो थिएटरात दाखवता येत नाही, टीव्हीवर तर नाहीच. मग सामान्य प्रेक्षकाला चित्रपट आलाय हे कळणार कुठून? पुढे खुद्द अलीगढ शहरात स्थानिक संघटनांनी विरोध केला, महापौरबाईंनीही त्यांचीच री ओढली आणि तिथले खेळ थांबले. कागदोपत्री बंदी कुठेच नाही.

आणि चित्रपट कुणावर होता? डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. आमच्या नागपूरचे. अलीगढ मुस्लीम विद्यापीठात मराठी शिकवणारे, आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. फेब्रुवारी 2010 मध्ये त्यांच्या घरात कॅमेरे घेऊन माणसं घुसली आणि निलंबित झाले सिरसच. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं आदेश दिला आणि आठवड्याच्या आत ते गेले. अशा माणसाची गोष्ट मराठी घरांत टीव्हीवर दिसू नये अशी व्यवस्था सरकारी मंडळानं केली. याला नीलकंठ काय म्हणतात ते सांगावं.

नीलकंठ
याला मी प्रमाणपत्र म्हणतो. ‘ए’ म्हणजे बंदी नव्हे, प्रौढांसाठी. हाणामारीच्या चित्रपटांनाही ‘ए’ मिळतं, तेव्हा कुणी मानवाधिकारांची हाक देत नाही. ‘एक लडकी को देखा तो ऐसा लगा’ 2019 मध्ये आला, ‘बधाई दो’ 2022 मध्ये. दोन्ही यूए. मंडळाला या विषयाचाच द्वेष असता तर हे झालं असतं का? तुम्ही एक जुनं प्रकरण उगाळताय आणि त्यावरून अख्ख्या देशाला दोषी ठरवताय. सिरस सरांबद्दल मलाही आदर आहे, पण त्यांच्या मरणाची ढाल पुढे करून वाद जिंकू नका.

प्रज्ञा
ढाल कोण करतंय? वैदर्भीताईंनी घडलेलं सांगितलं.

आणि एकच जुनं प्रकरण म्हणता? ‘गुलाबी आईना’ला 2003 मध्ये प्रमाणपत्रच नाकारलं. ‘अनफ्रीडम’ला 2015 मध्ये नाकारलं. ‘का बॉडीस्केप्स’ 2016 मध्ये अडवला, समलिंगी संबंधांचं उदात्तीकरण केलं असं मंडळानं लेखी कळवलं आणि निर्मात्यांना केरळ उच्च न्यायालयात जावं लागलं. ‘दम लगा के हईशा’मध्ये ‘लेस्बियन’ हा नुसता शब्द गप्प केला. शिवी नाही हो, शब्द!

मंडळ चालतं 1991 च्या मार्गदर्शक तत्त्वांवर. लैंगिक विकृती दाखवणं टाळावं, कथेला आवश्यकच असेल तर कमीत कमी दाखवावी, असं त्यात आहे. समलिंगी असणं म्हणजे विकृती असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही. पण तपासायला बसलेल्या समितीनं तसं वाचलं की झालं. पूर्वी निदान अपिलासाठी न्यायाधिकरण होतं. 2021 मध्ये तेही बरखास्त केलं. आता थेट उच्च न्यायालय. मोठ्या स्टुडिओला परवडतं ते, लाखालाखाची जुळवाजुळव करून चित्रपट काढणाऱ्या पोरांनी वकिलाची फी कुठून आणायची? नीलकंठ यांनी दिलेली दोन्ही नावं मोठ्या बॅनरची आहेत, हे त्यांच्या लक्षात आलंय का?

सातारकर मास्तर
मी शाळेत शिकवतो, माझी मुलगी आठवीत आहे. सरळ सांगतो, ‘अलीगढ’ला ‘ए’ मिळालं ते योग्यच झालं. विषय वाईट आहे म्हणून नव्हे, जड आहे म्हणून. एका माणसाच्या शयनगृहात कॅमेरे घुसतात, पुढे तो मरतो. हे बारा वर्षांच्या मुलानं आईबापाशिवाय बघावं का? प्रत्येक गोष्टीत सरकारचं कारस्थान शोधणारे लोक शाळेत येऊन एक तास घेऊन दाखवा म्हणावं.

मोडक
मास्तर, चित्रपटाचं सोडा, ट्रेलरचं बोला. ट्रेलरमध्ये काय जड होतं? मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष निहलानी यांनी तर उघड सांगितलं होतं की हा विषयच मुलांसाठी नाही. विषयच. दृश्य नव्हे.

आणि शाळेचं काढलंच आहे तर ऐका. तृतीयपंथी मुलांना वर्गात कसं सामावून घ्यायचं याची शिक्षकांसाठीची पुस्तिका एनसीईआरटीनं 2021 मध्ये काढली. राष्ट्रीय बाल हक्क आयोगानं आक्षेप घेतला आणि पुस्तिका संकेतस्थळावरून गायब. ती शिक्षकांसाठी होती, मुलांसाठी नव्हती. मग ‘मुलांचं वय’ हे कारण तिथे कसं लागू होतं?

सातारकर मास्तर
पुस्तिकेचं मला माहीत होतं. ती काढायला नको होती, हे मान्य. आमच्या शाळेत सातवीत एक मुलगा होता, त्याला सगळे जे म्हणायचे ते इथे लिहीत नाही. स्टाफरूममध्ये हसणारेही होते. काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्यानं दहावीच्या आधीच शाळा सोडली. पण म्हणून ‘ए’ चुकीचं ठरत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोकणे
कुणीतरी आता 1998 काढणारच, म्हणून मीच काढतो. दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’च्या वेळी मी गोरेगावात शिवसेनेच्या शाखेत जायचो. सगळे आम्हालाच शिव्या घालतात. अरे, पण सेन्सॉरनं तो पास केला होता ना? ‘ए’ देऊन, एकही दृश्य न कापता. म्हणजे सरकारनं सेन्सॉर केलंच नाही. लोकांना पटलं नाही, लोक रस्त्यावर उतरले. दोन नायिकांची नावं राधा आणि सीता ठेवायची आणि वर आम्ही भावना दुखावल्या म्हणायचं नाही? निषेध करणं हाही हक्कच आहे.

प्रज्ञा
काचा फोडणं निषेधात बसत नाही, कोकणे. आणि सरकारनं काही केलं नाही म्हणता? 2 डिसेंबर 1998 ला मुंबईत थिएटरं फोडली आणि तोडफोड करणाऱ्यांचं मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी जाहीर अभिनंदन केलं. ज्यानं संरक्षण द्यायचं तोच पाठ थोपटतो, ही सरकारी सेन्सॉरशिप नाही तर काय? मग केंद्रानं पास झालेला चित्रपट पुन्हा मंडळाकडे धाडला. फेब्रुवारी 1999 मध्ये मंडळानं तो पुन्हा न कापता सोडला, हे मंडळाच्या बाजूनं मी मोकळेपणानं सांगते. पण मधल्या काळात तो पडद्यावरून उतरला होता आणि दिलीपकुमारांच्या घरासमोर अर्धनग्न निदर्शनं झाली होती, कारण ते या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयात गेले होते.

पुढच्या वेळी हेच जास्त सफाईनं झालं. ऑक्टोबर 2021, डाबरची करवा चौथची जाहिरात, दोन बायका एकमेकींसाठी उपास करतात. मध्य प्रदेशचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईची धमकी दिली, कंपनीनं जाहिरात मागे घेऊन माफी मागितली. आता दगडही मारावा लागत नाही.

कोकणे
जोशी सरांनी तसं बोलायला नको होतं, एवढंच म्हणतो. बाकी माझं मत तेच आहे. जाहिरात कंपनीनं स्वतः काढली.

गडकरी रंगायतन
सगळे चित्रपटांवरच भांडताय. महाराष्ट्रात आजही नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही! अमोल पालेकर त्याविरुद्ध 2016 मध्ये उच्च न्यायालयात गेले. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं, मुलीवर प्रेम करणारी मुलगी नायिका, रोहिणी हट्टंगडी त्या भूमिकेत. मुंबईत ‘फायर’साठी काचा फुटल्या त्याच्या सतरा वर्षं आधी! आज तशी संहिता मंडळापुढे न्यायची तर निर्माता दहादा विचार करेल. आमच्या हौशी संस्थेनं मागे एक एकांकिका लिहिली होती, दोन पुरुषांची. लेखकानं स्वतःच शेवट बदलून त्यांना ‘जिवलग मित्र’ करून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं.

मोडक
हे तुमचं शेवटचं महत्त्वाचं. पण मी पुन्हा सिरसांकडे येतो, कारण मला सरकारपेक्षा आपला राग जास्त येतो. सिरस कवी होते. ‘पायाखालची हिरवळ’ या संग्रहाला 2002 मध्ये महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. इथल्या किती जणांनी तो वाचलाय? चित्रपट हिंदीत झाला, मनोज वाजपेयींनी भूमिका केली, बातम्या इंग्रजीत आल्या. मराठी प्राध्यापक, मराठी कवी, आणि मराठीत काय झालं?

नीलकंठ
आता हा नवाच आरोप. संग्रह वाचला नाही म्हणजे आम्ही समलिंगीद्वेष्टे? पुरस्कार मिळालेले शंभर संग्रह कुणीही वाचलेले नसतात. कवितेचं मोल कवितेवर ठरू द्या, कवी कसा मेला यावर नको.

वैदर्भी
कवितेवर ठरायला पुस्तक मिळायला हवं ना? मी शोधलं. एका जुन्या ग्रंथालयात यादीत नाव होतं, पुस्तक जागेवर नव्हतं. ग्रंथपाल म्हणाले, “ते अलीगढवाले ना? त्यांचं कशाला पाहिजे?” मी मराठीत एम.ए. केलं. आमच्या वर्गात सिरसांचं नाव एकदाही निघालं नाही, आणि बातमी आली तेव्हा एका ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “आपल्या विषयाची बदनामी झाली.” घरात कॅमेरे घुसवणाऱ्यांनी बदनामी केली असं त्यांना वाटलं नाही!

सातारकर मास्तर
हे वाचून वाईट वाटलं. पण यात सरकार कुठे आलं? धागा सरकारी सेन्सॉरशिपवर आहे.

समीर, दुबई
सरकार असं येतं. मी सांगलीचा. घरी सांगितलं तेव्हा बावीस वर्षांचा होतो. आई म्हणाली, “असं काही असतं हे मी कधी पाहिलंच नाही.” ती खोटं बोलत नव्हती. तिच्या आयुष्यात टीव्हीवर असा माणूस आला तो टाळ्या वाजवणारा विनोदी नोकर म्हणून, त्याला कुणी ‘ए’ दिलं नाही. ते संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसून पाहिलं, मीही पाहिलं, हसलोही. ज्या चित्रपटात असा माणूस कविता लिहितो, दारू पिता पिता लताबाईंचं गाणं ऐकतो, एकटा राहतो, त्याला मात्र ‘फक्त प्रौढांसाठी’. मास्तर, तुमच्या सातवीतल्या मुलाला चिडवणाऱ्यांनी ते कुठे पाहून शिकलं असेल?

मी राहतो त्या देशात 2022 मध्ये ‘लाइटइयर’ हा लहान मुलांचा चित्रपट दोन बायकांच्या एका चुंबनासाठी अडवला. इथे सरळ सांगतात, नाही म्हणजे नाही. भारतात सरळ कुणी सांगत नाही, म्हणून भांडायला समोर कुणी सापडत नाही.

सातारकर मास्तर
समीर, त्या नोकराच्या भूमिकांबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. आम्हीही हसलो. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निवृत्त सुभेदार
एक गोष्ट राहिली. दिग्दर्शक ओनीर यांनी समलिंगी सैनिकाच्या कथेवर चित्रपट करायचं ठरवलं, लष्करातून राजीनामा दिलेल्या एका अधिकाऱ्याच्या अनुभवावर. संरक्षण मंत्रालयानं 2022 मध्ये संहितेला परवानगी नाकारली. इथे पळवाट नाही, हे सरकारनंच केलं. पण मी त्याच्या बाजूनं आहे. पलटणीत माणसं महिनोन् महिने एका बराकीत राहतात. सैन्याला लष्करी कायदा लागू असतो, नागरी कायद्याचा निकाल जसाच्या तसा तिथे नेता येत नाही. तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल रावत यांनी 2019 मध्ये तेच सांगितलं होतं. सैन्याची प्रतिमा हा खेळ नाही.

वैदर्भी
सुभेदारसाहेब, तुमच्या सेवेला नमस्कार. पण सैन्यात कुणाला घ्यावं हा एक प्रश्न, आणि सैनिकावर गोष्ट लिहावी का हा दुसरा. ओनीर कुणाला भरती करायला सांगत नव्हते. जे घडलं तेही दाखवायचं नाही, असं मंत्रालयानं ठरवलं. आणि तेही एकही दृश्य चित्रित होण्याआधी, नुसती संहिता वाचून.

निवृत्त सुभेदार
घडलेलं सगळंच दाखवायचं नसतं. माझ्या पलटणीतही असा एक जवान होता, चांगला जवान होता. त्याच्यावर गोष्ट झाली असती तर त्यालाच त्रास झाला असता.

समीर, दुबई
तो जवान काय म्हणाला असता ते त्याला विचारलं होतं का?

नीलकंठ
इतके प्रतिसाद वाचून एवढंच म्हणतो: ट्रेलरला ‘ए’ देणं चुकीचं होतं. ‘लेस्बियन’ शब्द गप्प करणं हास्यास्पद होतं. हे मी आधीच लिहायला हवं होतं असं कुणाला वाटत असेल तर वाटो. पण नाकारलेले चित्रपट पुढे महोत्सवांत दाखवले गेले, ओटीटीवर आले, म्हणून ‘आवाज दाबला’ हे मी मान्य करणार नाही. मुंबईत ‘कशिश’ महोत्सव 2010 पासून होतोय, तोही समलिंगी चित्रपटांचाच. दाबलेल्या आवाजाचा महोत्सव होत नाही.

प्रज्ञा
‘कशिश’ मुंबईत, शहरातल्या प्रेक्षकांसाठी. समीरच्या आईनं सांगलीहून तिकडे जायचं का? ओटीटीचे पैसे कुणाच्या घरी आहेत, कुणाच्या नाहीत? ‘ए’चा चित्रपट टीव्हीवर चालत नाही यावर तुम्ही पहिल्यापासून एक अक्षर बोललेला नाहीत. आणि ओनीरच्या संहितेवरही नाही. तिथे तर प्रेक्षकच नव्हते, ना मुलं, ना जमाव, ना बाजार. फक्त मंत्रालय होतं. त्या नकाराला तुम्ही कोणतं प्रमाणपत्र म्हणता, तेवढं लिहा.