जिप्सी किंगला ४१० चा ट्रान्सफर बसवावा, की आहे तोच ठेवावा?

रानवाट_खानापूर

गाडी जिप्सी किंग, कार्ब्युरेटरची, पाच गिअर. टायर २०५/७० आर १५. पुढं २३५/७५ घालायचा विचार आहे. गाडी जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात चालते, पावसाळ्यात लाल चिखल, आठवड्यातून एकदा हायवेनं कोल्हापूर.

तक्रारी दोन, दोन्ही ट्रान्सफरच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा, त्यात रोजचा हाय आणि चढ-चिखलाचा लो). हायमध्ये ५०-६० च्या वेगाला गाणं म्हटल्यासारखा आवाज येतो. आणि ४ एलमध्ये (चारही चाकं, लो) उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की लिव्हर आपोआप न्यूट्रलला येतो.

भंगार बाजारात जुन्या ४१० चा (किंगच्या आधीची जिप्सी) ट्रान्सफर मिळतोय. विकणारा म्हणतो, ‘हा घाला, ताकद पण वाढेल, गिअर पण सुटणार नाही.’ बदलावा का? बदलायचा तर काय काय लागेल?

हाय_लो

ताकदीचं बरोबर, गिअर सुटण्याचं चूक. दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

आधी आकडे, म्हणजे आउटपुटच्या एका फेऱ्याला इनपुटचे किती फेरे. किंगच्या ट्रान्सफरमध्ये हाय १.४०९ आणि लो २.२६८. ४१० मध्ये हाय १.५८० आणि लो २.५११. म्हणजे हाय १२ टक्के आखूड होतो, लो साधारण ११ टक्के. पूर्ण डबा बदलला की दोन्ही बदलतात, फक्त लो मिळत नाही. डिफरन्शिअल (ॲक्सलमधला गिअर) ३.९०९ चा असेल तर पहिल्या लोमध्ये एकूण रेशो ३२.४ वरून ३५.८ होतो. फरक आहे, पण चमत्कार नाही.

हायवेला त्याची किंमत मोजावी लागते. ८० च्या वेगाला पाचव्यात, आहे त्या टायरवर, इंजिन आत्ता साधारण २,८८० आरपीएमला फिरतं. ४१० घातल्यावर ३,२२५ होईल. कोल्हापूरच्या हायवेवर तासभर ते ऐकत बसायचं, शिवाय पेट्रोल.

आता २३५/७५ घातलेत तर हिशोब पालटतो. तो टायर उंचीला ७३३ मिलिमीटर, तुमचा ६६८. जवळजवळ १० टक्के मोठा. मोठ्या टायरनं जे गेलं ते ४१० परत आणतो आणि ८० ला आरपीएम २,९४० च्या आसपास राहतात. थोडक्यात, टायर मोठा करणार असाल तरच ४१०. टायर तोच ठेवणार असाल तर पैसे घालवू नका.

कणकुंबी_फोरबायफोर

वरचं बरोबर आहे. पण दादा, गिअर सुटतोय त्याचं आधी बघा की. जिप्सीचा ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मधे छोटा शाफ्ट असतो आणि डबा तीन फाउंडेशन रबरांवर चेसिसला लटकलेला असतो. लिव्हर थेट डब्यातून वर येतो. रबर बसलं की लोड उलटा होताना डबा पिळतो, लिव्हर पत्र्याला किंवा कडक झालेल्या बुटाला (लिव्हरच्या रबरी कव्हराला) टेकतो आणि गिअर बाहेर ओढला जातो. ॲक्सिलरेटर सोडल्यावरच सुटतो म्हणताय, म्हणजे पहिला संशय तिथंच.

फुकटची तपासणी: रबरी बूट सोडा, लिव्हरभोवती मोकळी जागा करा आणि त्याच उतारावर पुन्हा बघा. सुटायचं थांबलं तर डबा निर्दोष. नाही थांबलं तर खाली जाऊन प्राय बारनं डबा हलवा. रबर चिरलेलं असेल तर दिसेल. तिन्ही एकदम बदला, एक नवं आणि दोन जुनी ठेवली तर डबा वाकडा बसतो.

रबर ठीक असूनही सुटत असेल तर आतलं बघायचं: शिफ्ट शाफ्टची स्प्रिंग आणि गोळी, फोर्कची झीज, आणि स्लीव्हच्या (गिअर अडकवणाऱ्या कडीच्या) दातांचे कोपरे गोल झालेत का. दात गोल झाले तर स्प्रिंग कडक करून काही होत नाही, स्लीव्ह आणि समोरचं गिअर दोन्ही बदलावी लागतात.

आवाजाबद्दल एक. या डब्यात हायसुद्धा थेट नाही, तोही गिअरमधूनच जातो. त्यामुळं थोडं गाणं सगळ्याच जिप्सीत असतंय. वाढलं असेल तर पुढची परीक्षा करा. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, ट्रान्सफर न्यूट्रलला, गिअरबॉक्स तिसऱ्यात, क्लच सोडा, थोडं रेस करा. यात मधला शाफ्ट, इनपुट आणि काउंटर (डब्याच्या आतला जोडशाफ्ट) फिरतात, आउटपुट उभा राहतो. आवाज आला तर इनपुट बेअरिंग, काउंटरचे नीडल बेअरिंग किंवा मधल्या शाफ्टचे क्रॉस (टोकाचे हलणारे सांधे). नाही आला तर आउटपुटची बेअरिंग किंवा लोडखाली घासणारे गिअर.

दगड लावायला विसरू नका. ट्रान्सफर न्यूट्रलला असला की गिअरबॉक्स गिअरमध्ये ठेवूनही गाडी घरंगळते. उतारावर पार्क करणाऱ्यांनी हे पाठच करावं.

उद्यमबाग_लेथ

भंगारातला डबा घ्यायचा ठरला तर विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका, मोजून घ्या. हायला टाका, आउटपुट फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) दहा वेळा फिरवा आणि इनपुटचे फेरे मोजा. सोळाला थोडे कमी आले तर ४१०. चौदा आले तर तुमचाच भाऊ आहे, वर ४१० चं लेबल लावलंय. लोमध्ये दहा फेऱ्यांना ४१० ला २५ आणि किंगला साडेबावीसच्या वर.

फिरवताना खरखर आहे का बघा. फ्लँज हातानं वर-खाली आणि आत-बाहेर हलवा. वर-खाली हललं तर बेअरिंग गेलं. ड्रेन प्लग काढून तेल बघा: दुधासारखं असेल तर पाणी शिरलंय, नीडल आणि शाफ्टवर गंजाचे खड्डे मिळणार. प्लगवर बारीक भुकटी चालते, टोकदार तुकडा चालत नाही.

मग फ्लँज. बोल्टची छिद्रं तुमच्या शाफ्टशी जुळतात का ते व्हर्निअरनं मोजा. जुळत नसतील तर स्प्लाइन (शाफ्टवरच्या खाचा) सारखे असल्याची खात्री करून जुने फ्लँज काढून नव्यावर चढवा. छिद्रं मोठी करून किंवा वेल्डिंग करून जुळवू नका, थरथर तिथूनच सुरू होते. काही ४१० च्या डब्याला मागं हँडब्रेकचा ड्रम असतो. तुमचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असेल तर ड्रम आणि प्लेट काढून साधा फ्लँज लावावा लागेल.

काढायची रीत. तेल गरम असताना सोडा. तिन्ही शाफ्टच्या फ्लँजवर पंचनं खुणा करा, जशी जोडी होती तशीच बसली पाहिजे. आधी मागचा शाफ्ट, मग पुढचा, शेवटी मधला छोटा. वरून लिव्हर, मग स्पीडोमीटर केबल, ४ बाय ४ दिव्याची वायर. डब्याखाली जॅकचा आधार लावा आणि मगच तीन फाउंडेशनचे बोल्ट. डबा एकट्यानं अंगावर घेऊ नका, वजन एका बाजूला झुकतं.

बसवताना तिन्ही बोल्ट हातानं लावा, मधला शाफ्ट जोडा, मग आवळा. गिअरबॉक्सचा फ्लँज आणि ट्रान्सफरचा फ्लँज समांतर राहायला हवेत. डबा आधी आवळला आणि शाफ्ट नंतर ओढून लावला की ६० ला कंप येतो आणि मग क्रॉसला शिव्या पडतात. फ्लँजचे बोल्ट हाय टेन्साइलच, ८ मिलिमीटरला साधारण २५ न्यूटन मीटर. भंगारातले बोल्ट परत वापरू नयेत.

तेल ८० डब्ल्यू ९०, साधारण ०.८ लिटर. मापापेक्षा लेव्हलच्या छिद्रातून ओघळेपर्यंत भरा, गाडी सपाट जागेवर. आणि ब्रीदरला (डब्याच्या हवेच्या छिद्राला) नळी लावून ती बॉनेटखाली वर न्या. गरम डबा ओढ्याच्या थंड पाण्यात गेला की आत हवा आकसते आणि सील पाणी ओढतं. जांबोटीकडं जाणाऱ्या गाडीला नवा डबा घाला की जुना, ही नळी नसेल तर दोन्हीचं तेल एकाच पावसाळ्यात दूध.

रानवाट_खानापूर

तपासलं. बूट सोडल्यावर उतारावर लो सुटला नाही. एक फाउंडेशन रबर पूर्ण चिरलंय. न्यूट्रलच्या परीक्षेत आवाज आला, आणि मधल्या शाफ्टचा मागचा क्रॉस हातानं हलतोय. म्हणजे डबा न उघडता भागेल? आणि ३.९०९ धरून हिशोब केलाय, पण डिफरन्शिअल कसं ओळखायचं?

हाय_लो

आत्ता तरी उघडू नका. तीन रबरं, मधल्या शाफ्टचे दोन्ही क्रॉस, तेल. परत न्यूट्रलची परीक्षा करा. आवाज तरीही राहिला तर इनपुट बेअरिंग.

डिफरन्शिअल: पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक वर, गाडी स्टँडवर, ट्रान्सफर २ एचमध्ये (फक्त मागची चाकं, हाय), गिअरबॉक्स न्यूट्रल. वरचं चाक २० फेरे फिरवा आणि मागच्या शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक जमिनीवर असल्यानं २० चे १० धरायचे. ३९ आले तर ४३/११, म्हणजे ३.९०९. ४१ आले तर ३७/९, म्हणजे ४.१११. ३७ आले तर ४१/११, म्हणजे ३.७२७. जुन्या गाडीत कोणी मागचा ॲक्सल बदलला असेल तर पुढचाही मोजा. दोन्ही सारखे नसतील तर ४ बाय ४ टाकल्यावर डबाच तुटू शकतो.

४.१११ निघाला तर ४१० चा विषय सोडाच, मोठा टायर घातला तरी आहे तो डबा पुरेल.

कणकुंबी_फोरबायफोर

क्रॉस बदलताना सर्क्लिप चारही खाचांत नीट बसलीय का बघा, आणि दोन्ही योक (शाफ्टच्या टोकांचे चिमटे) एका रेषेत ठेवा. शाफ्ट उघडून ९० अंशांनी फिरवून बसवणारे मेस्त्री भरपूर आहेत.

स्पीडोमीटर ट्रान्सफरच्या आउटपुटवरून चालतो, त्यामुळं फक्त रेशो बदलला तर काटा चुकत नाही. टायर २३५ चे घातले की काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८८ च्या जवळ. ४१० चा डबा घेतलाच तर त्यातला स्पीडोचा छोटा गिअर काढून तुमच्या गिअरशी दात मोजून बघा आणि मोबाईलच्या जीपीएसवर ताडून घ्या.