मदत हवी आहे: मुलीला एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय. एक वर्षाचा डिप्लोमा की पदवी? (नाशिक)

सिडकोवासी

नमस्कार मंडळी. धाकटी यंदा बारावी सायन्स झाली. बायोला मार्क चांगले, फिजिक्सला काठावर. नीटचा स्कोअर एमबीबीएस-बीडीएसचं नाव काढण्यासारखा नाही, आणि पुन्हा वर्षभर क्लास लावायची तिची तयारी नाही. (माझीही नाही. एकदा फी भरून झाली आहे.) नर्सिंग नको म्हणते. मशीनवरचं काम आवडेल म्हणते, एक्स-रे, सीटी, एमआरआय वगैरे.

एका खासगी संस्थेत चौकशी केली, नाव लिहीत नाही. एक वर्षाचा डिप्लोमा, 'शंभर टक्के नोकरी', आणि आजच पैसे भरले तर फीमध्ये सूट. सर्टिफिकेट कोणाचं विचारलं तर 'गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहे सर'. मशीन कुठे आहे विचारलं तर प्रॅक्टिकल टाय-अपच्या हॉस्पिटलमध्ये होतं म्हणाले. कुठलं हॉस्पिटल ते ॲडमिशननंतर कळणार. मी अंबडला कंपनीत क्वालिटीला आहे, मला हे ऐकून जरा खटकलं. पण घरी मत पडतंय की एका वर्षात पोरगी कमावती होते, मग चार वर्षं कशाला?

दुसरं, माझ्या आईने रेडिएशनचं डोक्यात घेतलंय. 'त्या खोलीत काम करणाऱ्या बायकांना मूल होत नाही, लग्न कसं जमणार' असं रोज चालू आहे. बायकोही आता घाबरली आहे. यात तथ्य किती? या लाईनमधलं कोणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

गोदाकाठची

दादा, मी याच लाईनमध्ये आहे, सध्या सीटीवर. आधी कोर्सचं बोलते.

२०२१ मध्ये केंद्राने ॲलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांचा कायदा केला. आमचं क्षेत्र त्यात येतं. त्यात डिप्लोमा म्हणजे किमान २००० तास, दोन ते चार वर्षांत विभागलेले. पदवी म्हणजे किमान ३६०० तास, तीन ते सहा वर्षांत. तुमचा एक वर्षाचा डिप्लोमा यात कुठे बसतो ते त्या काउंटरवरच्या मॅडमनाच विचारा. पुढे नोंदणी, सरकारी जागा, परदेश, जिथे जाल तिथे कागद बघतात, आणि तो कोणी दिला हे आधी बघतात.

आपल्याकडे मुख्य रस्ता आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा. बीपीएमटी म्हणून पॅरामेडिकलची पदवी आहे, त्यात रेडिओग्राफीचा विषय घेता येतो. तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. आता नव्या कायद्यामुळे कोर्सची नावं, अभ्यासक्रम बदलत आहेत, म्हणून यंदाचं माहितीपत्रकच बघा, जुन्या यूट्यूब व्हिडिओवर जाऊ नका. विद्यापीठ आपल्याच गावात आहे, दिंडोरी रोडला म्हसरूळला. लोक गडचिरोलीहून येतात चौकशीला, तुम्हाला तर सिटीलिंकच्या बसने जाता येईल. संलग्न कॉलेजांची यादी मागा आणि त्यात संस्थेचं नाव शोधा.

आता काम काय असतं ते. बटण दाबणं हा सगळ्यात सोपा भाग. साधा छातीचा एक्स-रे घ्या. पेशंट प्लेटकडे तोंड करून उभा, किरण सोडणारी ट्यूब १८० सेंटिमीटरवर, हनुवटी वर, हात कमरेवर आणि खांदे पुढे ढकललेले, म्हणजे खांद्याची हाडं फुप्फुसावरून बाजूला सरकतात. मग श्वास ओढा, धरा. बाई असेल तर वेणी वर बांधायला लावायची. ओल्या केसांची जाड वेणी मानेवरून खाली आली तर फुप्फुसाच्या टोकाला अशी सावली पडते की डॉक्टर टीबीच्या शंकेने परत बोलावतील. मंगळसूत्र, पिना, गळ्यातला काळा दोरा, ताईत, सगळं काढायचं, आणि ताईत काढायला आजीबाई तयार नसतात. हे सगळं दोन मिनिटांत, बाहेर ओपीडीची रांग ओरडत असताना. फिल्म आल्यावर कॉलरबोनची आतली टोकं मणक्यापासून सारख्या अंतरावर आहेत का बघायचं. नसतील तर पेशंट वळलेला होता.

हे एका वर्षात, ते पण मशीन न बघता, कुठून येणार?

निफाडकर_१

ताईंशी सहमत. मी तो एक वर्षाचा कोर्स केलेला माणूस आहे. काम मिळालं, खोटं कशाला बोलू. एका सेंटरवर लागलो, पोझिशन तिथल्या सिनियरने शिकवल्या. पण तपासणी यायची म्हटलं की मालक मला त्या दिवशी रिसेप्शनला बसवायचा. लायसन्सच्या कागदांवर नाव दुसऱ्याचंच. पगारवाढ मागितली की 'तुझं सर्टिफिकेट चालत नाही' हे ऐकवायचा, रोज रात्री पोर्टेबल (मशीन पेशंटच्या खाटेपाशी नेऊन एक्स-रे) काढताना मात्र ते बरोबर चालायचं. जिल्हा परिषदेच्या एका जाहिरातीला अर्ज केला, कागदपत्रं तपासताना बाहेर. आता दुसरीकडे आहे, पण एक्स-रेच्या पुढे सीटीवर कोणी घेत नाही.

डार्करूमवाले_काका

मी सरकारी नोकरीतून निवृत्त. आमच्या वेळी लाल दिव्याखाली फिल्म डेव्हलपरमध्ये बुडवायची, मग हायपोत, आणि घरी जेवताना हाताला तोच वास. तुमच्या मुलीला हे नशिबी नाही, आता सगळं कॉम्प्युटरवर.

मातोश्रींना माझा नमस्कार सांगा. मला दोन मुलं आहेत, दोन्ही नोकरी लागल्यानंतरची. बरोबरीच्या भगिनींनाही आहेत. भीती अगदीच हवेतून आलेली नाही, सुरुवातीच्या काळात लोक उघड्या हाताने ट्यूब तपासायचे, त्यांचे हात गेले. त्यातूनच नियम आले.

नियम असे. भारतात हे अणुऊर्जा नियामक मंडळ बघतं, एईआरबी म्हणतात, १९८३ पासून आहे. काम करणाऱ्याला मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे रेडिएशनच्या डोसचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. १६ ते १८ वयाच्या शिकाऊंना ६ ची मर्यादा. तुमची कन्या त्याच वयाच्या आसपास असेल, म्हणून मुद्दाम लिहिलं. तुलना करायची तर काहीही न करता, नुसतं पृथ्वीवर राहून माणसाला जगात सरासरी २.४ मिळतात. साध्या एक्स-रे विभागात नीट काम करणाऱ्याचा आकडा मर्यादेच्या जवळपासही जात नाही. बाई गरोदर असल्याचं तिने कळवलं की पोटातल्या बाळासाठी उरलेल्या काळात १ मिलिसिव्हर्टच्या आत राहील असं काम द्यावं लागतं. कळवायला मात्र लाजू नये.

मोजतात कसं? छातीवर टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन नोंदवणारा), शिशाच्या एप्रनच्या आत. दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेत जातो, आकडा येतो, आयुष्यभराची नोंद राहते. बॅज एप्रनला अडकवून एक्स-रे खोलीत टांगून घरी जाणारे महाभाग मी पाहिलेत. मग आकडा भलताच येतो आणि चौकशी लागते. आणि एप्रन घडी घालून ठेवायचा नसतो, आतलं शिसं तडकतं, बाहेरून दिसत नाही. कॉलेज बघायला जाल तेव्हा एप्रन हँगरवर आहेत की टेबलाखाली कोंबलेत एवढं बघून या, तिथे काय शिकवतात ते कळेल.

पंचवटी_एक्सप्रेस

एक्स-रेत काय ठेवलंय! सोनोग्राफी शिकवा, रेडिएशन पण नाही आणि गल्लोगल्ली सेंटरं आहेत.

गोदाकाठची

भाऊ, असं सांगू नका हो. आपल्याकडे सोनोग्राफी डॉक्टरच करतात. गर्भलिंगनिदान रोखणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे, मशीनची नोंदणी, कोण करणार त्याची नोंदणी, प्रत्येक गरोदर बाईचा एफ फॉर्म. टेक्निशियनने प्रोब हातात घेऊन रिपोर्ट केला तर सेंटर सील होईल. परदेशात सोनोग्राफर वेगळा असतो, ते व्हिडिओ बघून इथे मुलींना फसवणारे कोर्सेस निघालेत.

रेडिएशन नको असेल तर एमआरआय आहे. पण तिथे धोका दुसरा. चुंबक चोवीस तास चालू असतं, रात्री दिवे बंद केले तरी. २०१८ मध्ये मुंबईत एक नातेवाईक ऑक्सिजन सिलिंडर घेऊन आत गेला आणि जीव गेला. दारात उभं राहून 'खिशात काय आहे' हे शंभरदा विचारणारा माणूस म्हणजे टेक्निशियन.

सिडकोवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा मेसेज आईला वाचून दाखवला. 'दोन मुलं' ऐकल्यावर जरा शांत झाली, आता तिची तक्रार नाईट शिफ्टवर आली आहे. म्हसरूळला जाऊन आलो. ती संस्था संलग्न यादीत नाही, विषय संपला.

राहिल्या दोन शंका. फिजिक्स कच्चं आहे, झेपेल का? आणि चार वर्षांच्या फीचं कसं?

गोदाकाठची

फिजिक्स लागतं, पण नीटसारखं गणितांचं नाही. ट्यूबमध्ये किरण कसे तयार होतात, केव्ही म्हणजे किरणांची ताकद, एमएएस म्हणजे संख्या. केव्ही पंधरा टक्के वाढवला की एमएएस निम्म्यावर आणायचा. ट्यूबपासून दुप्पट लांब उभं राहिलं की डोस चौथा हिस्सा. पोर्टेबल काढताना आम्ही वायर ताणून लांब का उभं राहतो ते यातच आलं. समोर पेशंट असताना शिकलं की डोक्यात बसतं. मीही बारावीला फिजिक्समध्ये काही दिवे लावले नव्हते. ॲनाटॉमीची मात्र तयारी ठेवायला सांगा, हाडांची नावं सुट्टीतच सुरू करा.

नाईट असतेच, लपवत नाही. सुरक्षारक्षक, सोबत आया आहे का, हे नोकरी घेताना विचारायचं. पण बायका टेक्निशियन लागतातच. पेशंट तरुण बाई असेल तर 'पाळी कधी आली होती, दिवस गेलेत का' हे एक्स-रेआधी विचारावं लागतं. सासू शेजारी असताना ती पुरुषाला खरं सांगत नाही.

निफाडकर_१

फीचं: महाडीबीटीवर तुमच्या प्रवर्गाची योजना बघा. शिवाय जुलै २०२४ चा मुलींच्या फीमाफीचा शासन निर्णय आहे, ईडब्ल्यूएस, ओबीसी, एसईबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. पण प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. हा कोर्स आणि ते कॉलेज त्यात धरलंय का हे प्रवेश घ्यायच्या आधी लेखी विचारा. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढायला टाका, जून-जुलैत सेतूत उभं राहायला जागा नसते.

सिडकोवासी

दाखल्याचं उद्याच करतो. यादीतली दोन कॉलेजं शनिवारी बघायचं ठरलंय, माझी सेकंड शिफ्ट आहे.

डार्करूमवाले_काका

अकराच्या आत पोचा, ओपीडी भरात असते तेव्हा. ऑफिसात न बसता एक्स-रेच्या दाराशी उभे राहा आणि शिकाऊ पोरं पेशंटजवळ आहेत की पॅसेजमध्ये मोबाईल बघतायत ते मोजा. आणि मुलीला घेऊन जा, तिलाच विचारू द्या, सेकंड इयरच्या मुली तिच्याशी जे बोलतील ते तुमच्याशी बोलणार नाहीत.