छापील प्रचारसाहित्यावरील क्यूआर कोड : आकार, पत्ता आणि मोजणी

प्रश्न

आमच्या नव्या उत्पादनाची जाहिरात मोहीम लवकरच सुरू होत आहे. पत्रक, उत्पादनाचे वेष्टन, प्रदर्शनातील फलक आणि ईमेल या चारही ठिकाणी एकच क्यूआर कोड वापरावा, तो संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावर न्यावा आणि मध्यभागी बोधचिन्ह बसवून फिकट नारिंगी रंगात छापावा, असे वरिष्ठांचे म्हणणे आहे. मागील मोहिमेतही कोड होता, परंतु त्याचा उपयोग किती झाला हे कोणालाच सांगता आले नाही. स्थिर कोड (पानाचा पत्ता थेट छापलेला) घ्यावा की डायनॅमिक (छापल्यावरही पान बदलता येणारा), आणि आकार किती ठेवावा, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

रंग आणि बोधचिन्ह यांचा विचार सर्वात शेवटी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोड स्कॅन करणारी व्यक्ती त्या क्षणी कुठे उभी आहे आणि तिला नेमके काय हवे आहे, हे आधी ठरवा. वेष्टन ज्याच्या हातात आहे त्याने खरेदी बहुधा केलेलीच असते. त्याला वापरण्याची रीत, सुटे भाग किंवा हमीची नोंदणी हवी असते. फलकासमोर उभा असलेला माणूस अजून निवड करत असतो, त्याला तुलना आणि दर पाहायचे असतात. या दोघांनाही मुखपृष्ठावर सोडले, तर हवी ती माहिती शोधण्याचे काम आपण त्यांच्यावरच ढकलतो आणि बरेचजण तिथूनच परततात.

ईमेलमध्ये कोड देऊ नये. अनेकजण ईमेल फोनवरच वाचतात आणि ज्या पडद्यावर कोड दिसतो त्याच फोनचा कॅमेरा त्यावर रोखता येत नाही. तिथे साधे बटण पुरे. कोडखाली नुसते ‘स्कॅन करा’ असे न लिहिता ‘जोडणीचा व्हिडिओ पाहा’ असे ठोस लिहावे.

उत्तर २

रचनेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने हा कोड तयार केला तो कारखान्यातील सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी. त्यामुळे डाग किंवा ओरखडे पडले तरी तो वाचता यावा, अशी त्रुटिसुधारणेची सोय त्यात मुळातच आहे. तिच्या चार पातळ्या असून त्या अनुक्रमे सुमारे ७, १५, २५ आणि ३० टक्के हानी भरून काढतात. बोधचिन्ह टाकायचेच असेल तर सर्वात वरची पातळी घ्यावी, मात्र याचा अर्थ ३० टक्के भाग बिनदिक्कत झाकता येतो असा नव्हे. छपाईतील दोष आणि चुरगळलेला कागद यांसाठीही तीच राखीव शिल्लक वापरली जाते. तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांना तर हातही लावू नये.

आता कोडमध्ये भरायच्या वेबपत्त्याची लांबी. मधल्या, म्हणजे १५ टक्क्यांच्या पातळीवर २६ अक्षरांचा पत्ता २५ × २५ घरांच्या (म्हणजे लहान चौकोनांच्या) कोडमध्ये मावतो. त्यालाच मोजणीची शेपटे (वाचक कुठून आला हे सांगणारी, पत्त्याच्या शेवटी जोडलेली अक्षरे) जोडून तो १२० अक्षरांचा केला की ४५ × ४५ घरे लागतात. अडीच सेंटिमीटरच्या कोडमध्ये पहिल्याचे एक घर एक मिलिमीटरचे होते, दुसऱ्याचे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून थोडे मोठे. पत्त्यात देवनागरी असेल तर स्थिती आणखी बिकट होते, कारण सांकेतिक रूपात तिचे एकेक चिन्ह नऊ अक्षरांची जागा घेते. म्हणून पत्ता आखूडच हवा.

आकारासाठी अंतराचा दहावा भाग हा ढोबळ नियम चालतो : दोन मीटरवरून वाचायच्या फलकावर वीस सेंटिमीटरचा कोड. भोवती चारही बाजूंना चार घरांइतकी कोरी जागा सोडावी. मांडणीकार नेमकी हीच जागा मजकुरासाठी बळकावतात. फिकट नारिंगी रंग पांढऱ्यावर नको. गडद रंग चालेल, परंतु काळ्या पार्श्वभूमीवर पांढरा कोड काही ॲप्सना वाचता येत नाही. मुद्रकाला फाइल व्हेक्टर स्वरूपात (कितीही मोठी केली तरी कडा न फाटणाऱ्या) द्या आणि अंतिम प्रूफ प्रत्यक्ष कागदावर, त्याच लॅमिनेशनसह, जुन्या फोनवरही तपासा.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. पत्ता आखूड ठेवला तर मोजणी कशी करावी? आणि मोहीम संपल्यावर त्या कोडचे काय करायचे?

उत्तर ३

डायनॅमिक कोड म्हणजे दुसरे काही नसून, कोडमध्ये आखूड पत्ता छापायचा आणि सर्व्हरने तिथून वाचकाला खऱ्या पानाकडे वळवायचे, इतकेच. मोजणीची शेपटे (यांनाच यूटीएम म्हणतात) या वळणावर जोडता येतात, त्यामुळे ती छापावी लागत नाहीत. पत्रक, वेष्टन आणि फलक यांना वेगवेगळे आखूड पत्ते द्या. एकच कोड सगळीकडे छापला तर कोणत्या जागेने काम केले हे पुढे कधीच वेगळे काढता येणार नाही.

वळण ३०२ प्रकारचे, म्हणजे तात्पुरते ठेवा. ३०१, म्हणजे कायमचे, दिल्यास ब्राउझर ते लक्षात ठेवतो. मग त्याच फोनवरचा पुढचा स्कॅन कदाचित मोजलाच जात नाही आणि पान बदलले तरी वाचक जुन्याच ठिकाणी पोहोचू शकतो. सर्व्हरवरील वळणांची संख्या आणि पान पूर्ण उघडल्याची संख्या यांत मोठी तफावत दिसली, तर कोडला दोष देण्याआधी पानाचा वेग तपासा. तसेच नुसत्या स्कॅनवर समाधान मानू नये. नोंदणी किंवा चौकशी किती झाली हेच पाहावे.

वळणाची सेवा शक्यतो स्वतःच्या डोमेनवर चालवा. बाहेरच्या सेवेचे शुल्क थांबले की अनेकदा छापलेले कोडही बंद पडतात. मोहीम संपली तरी वेष्टने घरोघरी उरतातच. हाइन्झ केचपच्या बाटल्यांवरील एका जुन्या स्पर्धेच्या डोमेनची मुदत संपली, ते दुसऱ्या कोणी घेतले आणि २०१५ मध्ये जर्मनीतील ग्राहकाने कोड स्कॅन केल्यावर प्रौढांसाठीचे संकेतस्थळ उघडले. कंपनीला जाहीर माफी मागावी लागली. तेव्हा मोहीम संपल्यावर तोच पत्ता उत्पादनाच्या माहितीपानाकडे वळवा, आणि डोमेनच्या नूतनीकरणाच्या सूचना एखाद्या कर्मचाऱ्याच्या व्यक्तिगत ईमेलवर न जाता विभागाच्या सामाईक पत्त्यावर येतील अशी व्यवस्था आत्ताच करून घ्या.